भेसळीचा माल पकडूनही शिक्षा का होत नाही? घरात उरलेलं तूप पुरावा म्हणून चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सणासुदीला खवा-तूप पकडल्याच्या बातम्या येतात, पण पुढं शिक्षा झाल्याचं कानावर येत नाही, ते का? आणि खानापुरातून आणलेल्या तुपाचा शंका येणारा डबा निम्मा संपलाय, त्यावर खटला भरता येईल का?

डब्याचं आधी सांगतो. उघडून वापरलेल्या डब्यावर खटला उभा राहणं फार कठीण. आरोपीचा वकील एवढंच विचारणार, की मधल्या दिवसांत त्यात कुणाकुणाचा चमचा गेला? मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, असल्या खटल्यांत बचावाच्या बाजूनंही उभा राहिलोय, म्हणून खात्रीनं सांगतो. 2006च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून माल तपासून घेता येतो, आणि दोष निघाला तर फी परतही मिळते. पण 'हे मी तपासायला देणार आहे' असं दुकानदाराला विकत घेतानाच सांगावं लागतं. ती वेळ आता गेली. तरी तक्रारीचा मार्ग मोकळा आहे, त्यावर शेवटी येतो.

खटला बहुतेक वेळा कोर्टात नाही, दुकानातच हरलेला असतो. अन्न सुरक्षा अधिकारी नोटीस देऊन, पैसे मोजून नमुना घेतो. त्याचे चार भाग करायचे, एक विश्लेषकाकडे पाठवायचा. प्रत्येक बरणी कोरडी हवी, जाड कागदात गुंडाळलेली, वरून खालपर्यंत अंकित अधिकाऱ्याची (जिल्ह्यातल्या अन्न सुरक्षेचं काम बघणारा प्रमुख अधिकारी) सही आणि क्रमांक असलेली चिठ्ठी चिकटवलेली, दोरा बांधून लाखेची निदान चार सील. दुकानदाराची सही अशी घ्यायची की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर उमटेल. पुढं कुणी चिठ्ठी सोडवून दुसऱ्या बरणीला लावली तर सही जुळणारच नाही. सीलचा ठसा प्रयोगशाळेकडे वेगळा पाठवतात, तिथं तो ताडून बघतात. यातलं एक जरी राहिलं तर 'नमुना हाच कशावरून?' हा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारायचा आरोपीला पूर्ण हक्क आहे. दुधाचं तर आणखी नाजूक: आधी नीट ढवळायचं, मग दर 25 मिलिलिटरला फॉर्मेलिनचे दोन थेंब. नमुना नासला तर फेरतपासणी होणार कशी? आरोपीचा फेरतपासणीचा हक्क हा न्यायाचाच भाग आहे. अपील झालं की नमुना रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या प्रयोगशाळेत जातो, म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्न संशोधन संस्था त्यातलीच.

आपल्या सीमाभागात मला सगळ्यात जास्त सलतं ते पंचांचं. एक तर गल्लीतला दुकानदार, म्हणून कुणी सही करायला पुढं येत नाही. जो येतो तो मराठी माणूस, आणि महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये. न वाचता सही होते. काही वर्षांनी उलटतपासणीत विचारलं, 'यात काय लिहिलंय?', की पंच गप्प. त्या एका गप्प बसण्यावर खटला ढिला पडतो. कन्नड येत नसेल तर अधिकाऱ्याकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या, बरण्या बांधून होईपर्यंत तिथंच उभे राहा आणि मगच सही करा. साक्षही मराठीत देता येते, घाबरायचं कारण नाही.

आणि प्रत्येक भेसळीला तुरुंग नाहीच. तुपात वनस्पती तूप मिसळलं आणि अहवालात नुसतं 'दुय्यम दर्जा' आलं, तर ते प्रकरण अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं जातं आणि दंडावर मिटतं. 'असुरक्षित' असा शेरा असेल तरच फौजदारी. तिथं मात्र खाणाऱ्याचा जीव गेला तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बातमीत दोन्ही 'भेसळ' म्हणूनच छापून येतं.

तुमच्यासाठी: बिल आणि डब्यावरचा बॅच नंबर जपून ठेवा, डबा टाकू नका. बेळगावच्या अंकित अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, त्याच दुकानातून त्याच बॅचचा नमुना घ्या असं त्यात स्पष्ट लिहा आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. हे लवकर करा, कारण त्या बॅचचे डबे विकून संपले की अधिकाऱ्याला तिथं घ्यायला काही उरत नाही. शिवाय गुन्हा घडल्यापासून साधारण वर्षाच्या आत खटला कोर्टात यावा लागतो. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तरच ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढते.