झेब्रा सोडून रस्ता ओलांडला, म्हणून भरपाई बुडते का?

प्रश्न : पौड रस्त्यावर वनाजच्या पुढे रात्री साडेआठला आईला (वय 58) मोटारीने उडवले. मांडीचे हाड मोडले. झेब्रा लांब होता, म्हणून ती दुभाजकाच्या पंक्चरमधून, म्हणजे मध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेतून, ओलांडत होती. मोटारवाला म्हणतो, चूक तुमचीच, केस केलीत तर तुमच्याच अंगाशी येईल. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : धमकीत दम नाही. झेब्रा सोडून ओलांडले एवढ्याने दावा फेटाळला जात नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोषाची टक्केवारी ठरवते आणि तेवढीच रक्कम कापते. नुकसान 12 लाखांचे आणि आईंचा दोष 25 टक्के ठरला, तर 9 लाख मिळतात. तेव्हा खरा प्रश्न आहे तो टक्क्यांचा, आणि टक्के ठरतात ते अंतरांवर.

हिशेब करून पाहा. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 14 मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी कोरड्या रस्त्यावर ती साधारण 28 मीटरांत थांबते. आता आई दुभाजकापासून दोन लेन, म्हणजे सुमारे 7 मीटर, चालून तिसऱ्या लेनमध्ये आल्यावर धडक बसली असेल, तर त्या सहाएक सेकंद चालकाच्या समोरच होत्या. त्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा गाडी 80 मीटर मागे होती. मग एकतर चालकाचे लक्ष नव्हते किंवा वेग 50 पेक्षा बराच जास्त होता. उलट, उभ्या बसच्या पुढून एकदम बाहेर येऊन पहिल्याच पावलाला धडक बसली असती, तर दोषाचा मोठा वाटा आईंकडे गेला असता.

म्हणून पंचनाम्यात तीन मापे हवीत : धडकेची जागा दुभाजकापासून किती मीटर, गाडी धडकेनंतर किती पुढे थांबली आणि ब्रेकच्या खुणा किती लांब. ‘रस्ता ओलांडत असताना’ एवढेच लिहिलेला पंचनामा विमा कंपनीच्याच कामाचा. रस्त्यावरचे दिवे चालू होते का, हे रात्री त्याच वेळी जाऊन फोटोत टिपून ठेवा. दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते जप्त करावे, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे लगेच द्या आणि पोच घ्या. आणखी एक, हमखास दुर्लक्षित होणारी गोष्ट : रुग्णालयाचा पहिला केसपेपर वाचा. गडबडीत तिथे ‘पाय घसरून पडल्या’ असे लिहिले गेले असेल, तर सुधारणेसाठी आजच अर्ज करा. विम्याचा वकील आधी तोच कागद काढतो.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, सहा महिन्यांच्या आत. या मुदतीवर न्यायालयात वाद चालू आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दावा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. कलम 164 खाली दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र ते स्वीकारले की 166 चा दावा संपतो. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि पुढचे अपंगत्व पाहता, घाईने सही करू नका.

प्रश्न : पदपथ टपऱ्यांनी भरलेला, म्हणून रस्त्याच्या कडेने चालताना धक्का बसला तर? — धायरी

उत्तर : कडेने चालणे हा दोष धरला जाऊ नये; पण पदपथ अडलेला होता हे तुम्हालाच दाखवावे लागते. फोटो त्याच दिवशी काढा. अतिक्रमण कारवाईनंतर पदपथ चकाचक दिसतो.

प्रश्न : कासारवाडीजवळ रूळ ओलांडताना चुलतभाऊ लोकलखाली गेला. खिशात पास होता. रेल्वे भरपाई देईल का? — पिंपरी

उत्तर : इथे टक्केवारी नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ खाली प्रश्न एकच : तो गाडीतून पडलेला प्रवासी होता की रूळ ओलांडणारा? चढताना-उतरताना पडला असेल, तर त्याचा निष्काळजीपणाही आड येत नाही; मृत्यूला 8 लाख मिळतात. नुसता रूळ ओलांडत असेल, तर पास असूनही या कलमाचा लाभ मिळणे कठीण, उलट कलम 147 खाली तो गुन्हा ठरतो. लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि स्टेशन मास्तरांचा मेमो यांच्या नकला काढा. मृतदेह फलाटालगत की स्टेशनपासून दूर, यावर बरेच काही ठरते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, एका वर्षाच्या आत.

मोटरमनला दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्या : लोखंडी चाक लोखंडी रुळावर थांबवायला शेकडो मीटर लागतात, आणि गाडीला वळता येत नाही. शिवाय डबा रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना पाऊण ते एक मीटर येतो. रुळालगत ‘बाजूला’ उभा असलेला माणूस म्हणूनच सापडतो.

प्रश्न : ठोकर देऊन गाडी पळाली, नंबर नाही. — हडपसर

उत्तर : आधी एफआयआर, मग तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. पुढे गाडी सापडून दाव्यात रक्कम मिळाली, तर हे पैसे त्यातून परत करावे लागतात.