कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटला उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच स्प्रे पेंट मारता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या नेट कॅफेतलं 2006 सालचं, पिवळट पडलेलं कॅबिनेट माळ्यावरून काढलंय. त्यात नवीन कॉम्प्युटर बसवायचाय, आणि मे महिन्यात लातूरला घरी आलात की गच्चीवर मॅट काळा रंग मारायचा विचार आहे. रंग घरी मारता येतो आणि चांगला टिकतोही. फक्त मे महिन्यातली दुपार आणि उघडी गच्ची, या दोन गोष्टी टाळा.

मी परभणीचा. माझं पहिलं कॅबिनेट मी मेमध्येच गच्चीवर रंगवायला घेतलं होतं, सकाळी अकराच्या सुमारास. कॅनमधून निघालेला फवारा पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच सुकत होता. वाळल्यावर हात फिरवला तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागलं. आमच्या शेजारी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तिथल्या चाचांनी पॅनल उजेडात तिरकं धरलं, नखाने कोपरा खरवडला, तशी रंगाची पापडीच उठली. म्हणाले, "पत्रा तव्यावानी तापलाय, त्याच्यावर कशाला मारायलास? पहाटं मार की." सगळं घासून डिसेंबरात पुन्हा केलं. ते कॅबिनेट आजही माझ्या टेबलाखाली आहे.

आपल्याकडे दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. सुट्टी मेमध्येच असेल तर सकाळी सहा ते आठ, वारा सुटायच्या आधी, सावलीत. पत्र्याच्या शेडखाली मात्र नको. आणि स्प्रेचा कॅन गाडीच्या डिकीत किंवा उन्हात विसरू नका. 50 अंशांच्या वर नेऊ नका असं त्याच्यावर लिहिलेलं असतं, आणि मेच्या दुपारी बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. त्यातला गॅसही पेट घेणारा असतो, म्हणून स्वयंपाकघराजवळ किंवा देव्हाऱ्यात दिवा चालू असताना फवारा मारायचा नाही. साधा एन-95 मास्क घासताना उडणारी धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. मोकळ्या हवेची जागाच निवडा.

आता पत्र्याकडे वळू. रंग मारण्याच्या आधीच कापाकापी उरकून घ्या. तेव्हाच्या कॅबिनेटला बहुधा मागे 80 मिलिमीटरच्या पंख्याची जागा असते. आपल्या उन्हाळ्यात ती अपुरी पडते, तिथे 120 च्या पंख्यासाठी भोक करून घ्या. हार्ड डिस्कचा पिंजरा ग्राफिक्स कार्डाच्या आड येत असेल तर त्याचे रिव्हेट ड्रिलने उडवा. मदरबोर्डची काळजी नको. एटीएक्स हे बोर्डाचं ठरलेलं माप 1995 पासून तेच आहे, 305 बाय 244 मिलिमीटर, त्यामुळे कॅबिनेट एटीएक्सचं असेल तर आजचा नेहमीच्या मापाचा बोर्ड जुन्याच भोकांवर बसतो.

कंपनीचा मूळ रंग घट्ट असेल तर तो काढू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, मग 320 किंवा 400 नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत घासा. नवा रंग धरायला तेवढं पुरतं. अडचण येते ती आतल्या बाजूला. तिथला राखाडी, चकाकणारा पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद. गेटला आणि खिडक्यांच्या गजांना मारतो तो ऑइल बेसचा रेड ऑक्साइड त्यावर मारू नका. त्यातलं तेल जस्ताशी रासायनिक क्रिया करून मधे साबणासारखा थर तयार करतं, आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा सुटतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एच (etch) प्रायमर किंवा वॉश प्रायमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारायचं अस्तर, मागा, आणि पत्रा जस्ताचा आहे हे सांगूनच घ्या. नाहीतर आतली बाजू आहे तशीच ठेवा. साइडला काच लावणार नसाल तर मी तेच करेन.

आत रंगवणारच असाल तर हे नीट करा. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे खुंट), मागची एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, चौकट आणि तिच्या स्क्रूंच्या जागा, बोर्डाच्या मागच्या पोर्टची पट्टी बसते ती कड, या सगळ्यावर मास्किंग टेप लावा. कॅबिनेटच्या पत्र्याला अर्थिंग मिळतं ते एसएमपीएसच्या बॉडीमधून. मधे रंगाचा थर आला की तो संबंध तुटू शकतो, आणि पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग आधीच कमजोर झालेलं असतं, खड्ड्यात घागरभर पाणी ओतावं लागतं. त्यात रंगाची भर नको.

पुढचा प्लास्टिकचा भाग वेगळा काढा. आतून त्याचे चिमटे एकेक दाबून सोडवायचे, ओढायचं नाही, जुनं प्लास्टिक कडक होऊन तुटतं. त्याला थिनर लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. 600 चा पेपर हलक्या हाताने, मग प्लास्टिक प्रायमर, मग रंग.

फवारा मारताना कॅन आतली गोळी वाजायला लागल्यापासून मिनिटभर हलवा. अंतर एक वीतभर किंवा थोडं जास्त, 20 ते 30 सेंटीमीटर. फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेर जाऊनच थांबवायचा, म्हणजे कडेला ओघळ येत नाही. पहिला हात इतका पातळ की खालचा जुना रंग किंवा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. तो पाहून लगेच भरून काढावंसं वाटतं, तिथेच हात आवरा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. नंतर हात द्यायचा असेल तर कॅनवर दिलेली वेळ पाळा. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर पुन्हा मारलं की रंग सुरकुततो. प्रायमर, रंग आणि क्लिअर (शेवटी मारायचा पारदर्शक थर) एकाच कंपनीचे घ्या. सगळं धरून बाहेरचा पृष्ठभाग साधारण अर्धा चौरस मीटर भरतो. रंगाचे 400 मिलिलिटरचे दोन कॅन, प्रायमरचा एक आणि मॅट क्लिअरचा एक, एवढं पुरेल. क्लिअर आणताना मॅटच आहे ना ते बघा, ग्लॉसी मारलंत तर मॅट रंग चकाकायला लागेल.

पावडर कोटिंग याहून मजबूत होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ते काम करणारे आहेत. भट्टीत 180 ते 200 अंशांवर जातं, म्हणून प्लास्टिकचा एकही तुकडा, रबरी पायसुद्धा, आत राहता कामा नये.

हाताला कोरडा लागला म्हणून लगेच जुळणी करू नका. मी दुसऱ्याच दिवशी साइड पॅनल लावलं होतं. आठवड्याने उघडलं तेव्हा कडेचा रंग फ्रेमला चिकटून वरखाली एक बोटभर पट्टा निघून आला. सुटे भाग आठवडाभर उभे ठेवा, मधे धूळ बसली तरी नुसत्या मऊ फडक्याने झटका. तोवर ग्राफिक्स कार्ड कोणतं घेताय आणि कॅबिनेटची आतली लांबी किती भरते, ते मोजून लिहा. पिंजरा उडवायचा की नाही, ते त्यावरून सांगतो.