जेंबेला क्लिक लावू नका

तुम्ही लिहिलंय, व्हायोलिनचा चार ठोक्यांचा लूप (रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) सुरू केला की दोनेक मिनिटं छान जमतं, मग जेंबे-डुनडुनवाले (पश्चिम आफ्रिकेतले ड्रम, जेंबे हातांनी आणि डुनडुन काठीने वाजतो) पुढे निघून जातात आणि सगळं विस्कटतं. म्हणून आता त्यांच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राची एका लयीतली टिकटिक, देणार आहात. वाचून पोटात गोळा आला, कारण हेच मी केलं होतं.

लूपर, इंटरफेस, बफर ही यंत्रांची बाजू तुम्हाला येतेच, ती सोडतो.

आमच्याकडे एक जेंबे, संगबान (मधला डुनडुन) आणि केंकेनी (सर्वांत लहान डुनडुन). टेक, म्हणजे एक सलग रेकॉर्डिंग, मिनिटाला ११० ठोक्यांवर सुरू झाला आणि शेवटी १३० च्या घरात पोचला. मला वाटलं, मंडळी पळतायत. अहो, तो ठेका चढायलाच हवा! नाच पेटतो तशी लय चढते, आणि मुख्य जेंबेवादक त्यासाठी दाट बोल भरतो. माझा लूप मात्र ११० वरच. शेवटाला दर चार ठोक्यांमागे तो सेकंदाचा तिसरा हिस्सा मागे पडत होता. चूक लूपची, दोष दिला वादकांना.

मग सगळे ट्रॅक एका स्टुडिओकडे ‘सरळ करून द्या’ म्हणून पाठवले. त्यांनी प्रत्येक थाप ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर, बसवली, दोन चॅनेलची एकच फाइल परत दिली आणि मूळ ट्रॅक पुसून टाकले. मीही प्रत ठेवली नव्हती. कित्येक महिने विचारत राहिलो. दर वेळी ‘बघून सांगतो’. अजून राग येतो. ती फाइल जेंबेवादकाला ऐकवली तेव्हा तो अर्ध्या मिनिटात हेडफोन काढून म्हणाला, ‘हा मी नाही.’

त्याचं बरोबर होतं. मालीतल्या काही तालांत ठोक्याचे तीन भाग सारखे नसतातच. पहिला आखूड, शेवटचा लांब, आणि आवर्तनामागून आवर्तन तसेच. ग्रिडने नेमकं तेवढंच पुसलं. आपल्यासारख्या जाझवाल्यांची अडचण आणखी एक: आपला स्विंग बरोबर उलटा, आधी लांब मग आखूड. व्हायोलिनच्या गजाला ती सवय लागलेली असते आणि दोन झोल (लयीतले हेलकावे) एकमेकांवर आदळतात. मी आठवडाभर फक्त मोकळ्या डी तारेवर गज फिरवत संगबानचा झोल उचलला, तेव्हा कुठे सुरावट बसली.

आता लय ड्रमची, यंत्र तिच्यामागे. डीलेचा (प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राचा) वेळ पायाने टॅप करतो, तोही संगबानवर; जेंबे सोलोत फिरतो, तालाची ओळख संगबान धरून ठेवतो. लूप फार तर आठ आवर्तनं, मग पुसून नवा. बाकी इलेक्ट्रॉनिक्सला ठोकाच देत नाही: लांब रिव्हर्ब (घुमारा), गोठवलेला सूर, ड्रोन (अखंड धरलेला सूर). बीट-मशीन मला या संगतीत मुळीच पटत नाही. इतरांना जमत असेल, नाकारत नाही.

ऑक्टेव्हर, म्हणजे सूर सप्तकाने सरकवणारा इफेक्ट, जपून. व्हायोलिनची खालची तार १९६ हर्ट्झ. एक सप्तक उतरवलीत की ९८, म्हणजे थेट डुनडुनच्या अंगावर. आणि पिएझो पिकअप (व्हायोलिनची कंपनं टिपणारा सेन्सर) सरळ लाइन-इनमध्ये खुपसू नका, आवाज पातळ आणि किरटा होतो. एक मेगाओहम इनपुटचा प्रीॲम्प मध्ये हवाच.

फ्रेंच जाझ व्हायोलिनवादक ज्याँ-लुक पाँती यांनी १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकी वादकांबरोबर केलेलं काम ऐकलं नसेल तर ऐका. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा लोकांचं गोजे, एका तारेचं गजाने वाजवायचं वाद्य, तेही ऐका. गज आणि ताल यांची गाठ तिथे फार जुनी आहे.

मी व्हायोलिनवाला आहे, जेंबे शिकतोय. तुमचे ड्रमवादक माझ्याहून वेगळं सांगत असतील तर त्यांचंच धरा. आणि आजच्या टेकची प्रत आत्ता, स्टुडिओत पाठवण्याआधी, दुसऱ्या डिस्कवर टाका.