वाचकांचे प्रश्न : दम कोंडतो तो कशामुळे?

प्रश्न : पाण्यात सूर मारण्याआधी पंधरा-वीस वेळा भराभर दीर्घ श्वास घेतले, तर फुप्फुसांत ऑक्सिजन साठतो आणि पाण्याखाली अधिक वेळ राहता येते, असे माझ्यासोबत पोहणारे सांगतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : अधिक वेळ राहता येते, हे खरे. मात्र त्याचे कारण वेगळेच आहे आणि ते ठाऊक नसल्यामुळे पट्टीचे पोहणारेही बुडालेले आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फुप्फुसांना आपणहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्यामधले घुमटाकार श्वासपटल आकुंचन पावून सपाट होते, बरगड्या वर उचलल्या जातात, त्यामुळे छातीची पोकळी वाढून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि हवा आत ओढली जाते. उताणे पडून पोटावर तळहात ठेवा. श्वास घेताना हात वर येतो, तो पोटात हवा गेल्यामुळे नव्हे, तर खाली उतरलेले श्वासपटल पोटातले अवयव पुढे सारते म्हणून. शांतपणे घेतलेल्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांतच राहते, बाकीची वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोहोचते. असे ३० कोटींहून अधिक वायुकोश आपल्याजवळ असतात. त्यांतली हवा आणि भोवतीच्या केशवाहिन्यांमधले रक्त यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा असतो, आणि त्यातून वायूंची देवाणघेवाण चालते.

आता साठ्याकडे येऊ. निरोगी माणसाच्या धमन्यांमधले हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. भराभर श्वास घेऊन त्यात आणखी भर ती कितीशी पडणार? झपाट्याने घटतो तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड. हातापायांना मुंग्या येणे आणि डोके हलके वाटणे ही त्याचीच खूण आहे.

श्वास रोखल्यावर जी घुसमट होते ती मुख्यतः हाच वायू साचल्यामुळे होते. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेजवळच्या पेशींना ही आम्लता तत्काळ जाणवते. हाल्डेन आणि प्रीस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे प्रयोगांनी दाखवून दिले होते. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या धमन्यांजवळ आहेत खऱ्या, परंतु ऑक्सिजन बराच उतरेपर्यंत त्या फारशी ओरड करत नाहीत. म्हणजे भराभर श्वास घेणारा पोहणारा ऑक्सिजन साठवत नसतो, तर धोक्याची घंटा काढून ठेवत असतो. घुसमट जाणवण्याआधीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, पोहता पोहता शुद्ध हरपते आणि पाण्याखाली आपोआप घेतला जाणारा पुढचा श्वास पाण्याचा असतो. तेव्हा हा प्रकार करू नये आणि काठावर लक्ष ठेवणारे कुणी नसताना तर श्वास रोखण्याचा सरावच करू नये.

प्रश्न : उच्छ्वासाची हवा जर वापरलेली असते, तर तोंडाने श्वास देऊन बुडालेल्या माणसाला वाचवता येते ते कसे?

उत्तर : ती पुरती वापरलेली नसते, एवढेच याचे उत्तर. आत जाणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के उरतो. तेवढा त्या घडीला पुरतो. शिवाय वर ज्या १५० मिलिलिटर हवेचा उल्लेख आला, ती वायुकोशांपर्यंत गेलेलीच नसते आणि फुंकर घालताना सर्वांत आधी तीच बाहेर पडते.