सुकट लपवू नका, ताई

ताई, जय भीम. तुमचं पत्र वाचलं आणि आमची नायगावची चाळ आठवली, दुपारी कोणाकडे बोंबील भाजायला घेतले की अख्ख्या मजल्याला कळायचं. तिकडे कॅलिफोर्नियात तुम्ही ज्या व्हिएतनामी विहारात जाता तिथे मटण-मच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही, ते बघून लेक विचारते की मम्मी मग आपण खरे बौद्ध नाही का, आणि तुम्ही मुंबईहून नेलेली सुकट कपाटात मागे लपवता. आधी ती सुकट बाहेर काढा.

अहो, ते महायान पंथाचे बौद्ध आहेत. त्यांच्या लंकावतार सूत्र या ग्रंथात मांस वर्ज्य सांगितलंय, त्यांच्या जागी त्यांचा नियम बरोबर. पण पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्खूंनाही मांस सरसकट बंद नाही, आपल्यासाठी मारलंय हे पाहिलं, ऐकलं किंवा नुसती शंका आली तरी ते घ्यायचं नाही, हा मुख्य नियम. बुद्धांच्या संघातल्याच देवदत्त या भिक्खूने मच्छी-मांस कायमचं बंद करा म्हणून मागणी केली होती, बुद्धांनी ती मानली नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारू पिणार नाही हे स्पष्ट आहे, मांस खाणार नाही असं कुठेच नाही. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की वीकेंडला घरी वाइन असते. लेकीसमोर खरं अवघड उत्तर त्याचं आहे ताई, सुकटीचं नाही.

माझं विचाराल तर जिवंत खेकडे आणून घरी मारणं मी सोडलं, प्राण्याची हत्या करणार नाही या पहिल्या शीलाशी ते जुळेना. बोंबील खाते. आमची आई वर्षावासात, आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, घरात मटण शिजवायची नाही आणि तो संपला की पहिल्या रविवारी वजडी करायची, तिखटजाळ, सोबत गरम भाकरी, आम्ही पोरं तीन महिने दिवस मोजायचो. लेकीला हे सांगा, तिच्या आजीकडची अशी काही आठवण असेल तर तीपण सांगा.

विहारात मात्र त्यांचंच पाळा. पौर्णिमेला डबा न्यायचा तर मटकीची उसळ न्या, आलं-जिरं-ओलं खोबरं घालून, आणि फोडणीत हिंग टाकायच्या आधी तिथल्या स्वयंपाकघरात विचारा, कारण कांदा-लसणासारख्या ज्या पाच उग्र वस्तू ते वर्ज्य मानतात, त्यांत काही ठिकाणी हिंगही धरतात.