कॅनडात एअरलाइनची नोकरी सांभाळून साइडला इन्स्ट्रक्टिंग जमतं का?

मित्रा, तू विचारलंयस की पीआर (कायमचं वास्तव्य) घेऊन टोरांटोला आलो, एखाद्या रीजनलमध्ये (छोट्या मार्गांवरच्या एअरलाइनमध्ये) को-पायलट लागलो आणि सुरुवातीचा पगार पुरला नाही तर सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवून वरकमाई होईल का. कंपनीची लेखी परवानगी मिळाली तर करता येतं, पण घरखर्चाचं गणित त्यावर बसवू नकोस.

कारण तासांचं. इथे 28 दिवसांत 112 आणि 365 दिवसांत 1000 तास उड्डाणाची लिमिट आहे, आणि त्यात तुझं सगळं फ्लाइंग धरतात, फक्त कंपनीचं नाही. सेसना 172 मध्ये स्टुडंटच्या शेजारी बसून सर्किट (टेकऑफ-लँडिंगच्या फेऱ्या) मारलीस तरी ते तास त्याच खात्यात. कंपनीने महिन्याला 80 तास उडवलं तर वर्षाचे 960 तिथेच गेले, उरले 40. त्यात कमावणार किती? आणि हे तास कंपनीला कळवायचे म्हणजे कळवायचेच, लपवलेस आणि उघड झालं तर करिअरच धोक्यात.

शिवाय शिकवायला क्लास 4 (सगळ्यात पहिली पायरी) इन्स्ट्रक्टर रेटिंग लागतं, किमान 30 तास डुअल (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) आणि 25 तास ग्राउंड (जमिनीवरचं शिक्षण), सगळं स्वतःच्या खिशातून, आणि नंतरही सुरुवातीला क्लास 1 किंवा 2 वाल्या वरच्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालीच. बऱ्याच ठिकाणी विमान उडालं तरच पैसे मिळतात. जानेवारीत सकाळी इंजिनवरचं ब्लँकेट काढायचं, हीटरची वायर गुंडाळायची, पंखांवरचं फ्रॉस्ट पूर्ण साफ करायचं (थोडंसुद्धा चालत नाही), आणि मग सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) वर जातच नाही, स्टुडंट घरी जातो आणि तुझी सुट्टी फुकट जाते.

थकवा हा विषय तर अजिबात हलक्यात घेऊ नकोस. 12 फेब्रुवारी 2009 ला इथून जवळच, बफेलोला, अमेरिकेतल्या कोल्गन एअरचं क्यू400 विमान पडलं, 50 माणसं गेली. को-पायलट सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती आणि तिच्या तुटपुंज्या पगाराची चौकशीत बरीच चर्चा झाली. त्यानंतर अमेरिकेने थकव्याचे नियम बदलले, कॅनडाने मोठ्या एअरलाइन्ससाठी 2020 च्या डिसेंबरमध्ये. त्यामुळे ऑफ डे हा झोपेसाठी आहे असं मी मनापासून मानतो.

पैसेच हवे असतील तर आधी स्वतःच्या कंपनीतलं ओपन टाइम (कोणाला न नेमलेल्या फ्लाइट्स) बघ, जादा ड्यूटीला दर बरा मिळतो का ते काँट्रॅक्टमध्ये वाच. दुसरं म्हणजे ग्राउंड स्कूल किंवा सिम्युलेटरवर शिकवणं, ते फ्लाइट टाइममध्ये धरत नाहीत, फक्त विश्रांतीला धक्का लागू देऊ नकोस. ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात आपल्याकडची बरीच मुलं पायलट व्हायला येतात, मराठी-हिंदीत मेट (हवामानाचा विषय) समजावणारा मिळाला की त्यांना खूप बरं वाटतं, आणि मला स्वतःला हे काम फार आवडतं.

अजून एक, पीआर न येता क्लोज्ड वर्क परमिटवर आलास तर दुसऱ्या मालकाकडे काम करताच येत नाही, मग वरचं सगळं बाद. आणि भारतातला नोटीस पिरियड को-पायलटला 6 महिने, कॅप्टनला 12 आहे, तेवढ्या काळात कॅनडाच्या परीक्षांचा अभ्यास सुरू कर, मेडिकलची माहिती काढ आणि पहिल्या वर्षाचं भाडं बाजूला टाक. रीजनलचं ऑफर लेटर आलं की बाहेरच्या फ्लाइंगचा क्लॉज मला पाठव, आपण नीट वाचू.