नॅक म्हणजे नकार नव्हे

डिप्लोमाच्या एका पोरानं विचारलंय, प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीत लिहितोय, आय-टू-सी (चिपा दोन तारांवर एकमेकींशी बोलतात ती पद्धत) मधल्या अ‍ॅक (अ‍ॅक्नॉलेज, निरोप मिळाल्याची खूण) आणि नॅकला (ती खूण न येणं) ‘होकार’ आणि ‘नकार’ लिहिलं तर चालतंय का.

होकार एकवेळ चालवून घेऊ, नकार नको. बघ, दोन तारा असतात, डेटाची आणि क्लॉकची, दोन्ही पुल-अप रेझिस्टरनं वर, म्हणजे चढ्या व्होल्टेजला, धरलेल्या. मायक्रोकंट्रोलर सात बिट पत्ता आणि एक बिट वाचायचं का लिहायचं एवढं पाठवतो आणि डेटाची तार सोडून देतो, मग क्लॉकच्या नवव्या ठोक्याला ज्याचा पत्ता असेल त्यानं ती खाली ओढायची, तो अ‍ॅक. नॅक म्हणजे कुणीच ओढली नाही, तार आपली वरच राहिली, बस. नाही म्हणायला तरी कुणी हजर पाहिजे की! वायर सुटली तरी नॅक, चिप जळली तरी नॅक.

आमची आजी गोष्ट सांगताना मधे मधे ‘हूं’ म्हणायला लावायची, हूं थांबला की पोरगं झोपलं हे ती ओळखायची. आता झोपलेलं पोरगं काय नकार देतंय होय?

ह्या एका शब्दापायी मी अर्धा दिवस घालवलाय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजायचा डबा बसवत होतो, त्यातली डीएस१३०७ घड्याळाची चिप काही केल्या बोलेना. चिपच ‘नाही’ म्हणतेय असं डोक्यात बसलेलं, म्हणून दोन चिपा बदलल्या, ४.७ के चे रेझिस्टर बदलले. शेवटी कळलं, डेटाशीटमधला हेक्स डी० मी तसाच कोडमध्ये टाकलेला, त्यात लिहायचा बिट आधीच धरलेला असतो, आर्डुइनो बोर्डाच्या ‘वायर’ नावाच्या लायब्ररीला (तयार कोडला) नुसता सात बिटांचा हेक्स ६८ लागतो. म्हणजे मी भलत्याच घराची कडी वाजवत होतो.

म्हणून माझं मत ‘पोच’ला. पत्राची पोच आली, पोच आली नाही. का नाही आली ते आपण शोधायचं, शब्द आधीच कुणावर आळ घेत नाही. (‘त्याला पोच नाही’ हा अर्थ वेगळा, तो आमच्या एका जॉबरसाठी राखीव आहे.)

ह्याच ‘वायर’ लायब्ररीत पाठवणं संपवायच्या एंडट्रान्समिशन फंक्शननं उत्तर म्हणून २ दिला तर पत्त्यालाच पोच नाही, ३ दिला तर पत्ता घेतला पण पुढचा बाइट घेतला नाही, इथं ‘नकार’ म्हणालास तर मी भांडणार नाही. आणि वाचताना शेवटच्या बाइटला मायक्रोकंट्रोलर स्वतःच मुद्दाम नॅक देतो, त्याला मात्र पोच-बिच काही लागू पडत नाही, ते पंगतीत शेंगाचटणी वाढणाऱ्यापुढं ताटावर आडवा हात धरतो ना, तसलं ‘बास’ आहे.